तारा आणि सातबारा

आबाजींची पत्र्याची पेटी गेल्या दिवाळीत उघडली. काटोलजवळचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, माळ्यावरचं सामान खाली आलं, त्यात ती होती. कुलूप गंजून बसलेलं. काकांनी पान्याच्या एका घावात ते तोडलं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, बैलबाजाराच्या दोन-चार चिठ्ठ्या, एक फुटकी चष्म्याची डबी आणि मेणकापडाच्या पिशवीत सुतळीनं बांधलेले जमिनीचे कागद.

त्या कागदांच्या मधोमध एक पावती निघाली. बोटभर रुंद, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. वर पाच टोकांचा तारा छापलेला, त्याखाली ‘स्वतंत्र पक्ष’, साल १९६१. रकमेवरून कधीतरी पाणी गेलं असावं, आकडा पुसटला होता. आबाजींचं नाव मात्र टाकाच्या शाईत ठसठशीत. त्यांच्या हातचंच, कारण ‘र’ असा मागे कललेला घरात दुसरं कोणी काढत नसे.

आबाजी कुठल्या पक्षाचे सभासद होते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना वाटायचं काँग्रेस, कारण गावच काँग्रेसचं होतं आणि छापा बैलजोडीवर मारायचा असतो हे लहानपणी सगळ्यांनाच पाठ. पेटी उघडल्यापासून मी या पक्षाच्या मागे लागलो. महाराष्ट्रातल्या स्वतंत्र पक्षाबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, आणि जे आहे तेही बहुतेक इतर कोणाच्या चरित्रात ओझरतं येतं. तो इतका विसरावा असा पक्ष नव्हता.

पिशवीतला सर्वांत जुना कागद १९५१ नंतरचा. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, रद्द झाली ती ३१ मार्च १९५१ पासून. त्याआधी आमचे पणजोबा आणि आबाजी मालगुजाराचं वावर कसायचे. कायदा आल्यावर साऱ्याच्या काही पट रक्कम सरकारात भरली की मालिक-मकबुजा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा, हक्क मिळे. ती रक्कम भरायला आजीच्या पाटल्या गेल्या. ही गोष्ट आजीनं आम्हा नातवंडांना इतक्यांदा सांगितली की त्या पाटल्या मी पाहिल्या आहेत असं मला अजून वाटतं.

मग जानेवारी १९५९. विदर्भ आता द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेला. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं, अध्यक्ष ढेबरभाई. आसपासच्या खेड्यांतून माणसं नेहरूंना बघायला गेली, आबाजीही गेले. त्या अधिवेशनात शेतीचा ठराव झाला. पुढची शेतीरचना सहकारी सामुदायिक शेतीची असेल. जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी ज्याची त्याची राहील आणि जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नात वाटा मिळेल. आधी तीन वर्षांत गावोगाव सेवा सहकारी संस्था काढायच्या. जमीनधारणेला कमाल मर्यादा घालायची आणि धान्याचा घाऊक व्यापार सरकारनं हाती घ्यायचा. उत्तर प्रदेशाच्या चरणसिंगांनी त्याच मांडवात उभं राहून या ठरावाला विरोध केला.

हा ठराव करणारी माणसं दुष्ट नव्हती, हे मला आधीच सांगायचं आहे. जमिनीचे तुकडे पडत होते, भूमिहीनांच्या हाती काही नव्हतं, देश धान्यासाठी बाहेर हात पसरत होता. उपाय शोधणं भाग होतं. पण ज्याचं वावर नावावर चढून आठच वर्षं झाली होती, त्याच्या कानाला तो ठराव कसा लागला असेल? आजी सांगायची, “तुझे आबाजी त्या रातच्याले जेवलेच नाही. म्हने, मालकी आपली अन् नांगर सगळ्याइचा, हे कसं होते? वावर कोनाचं हे वावराले समजते का कागदाले?”

ठरावाला पुढे सहा महिनेही झाले नाहीत तोच, जून १९५९ मध्ये, मद्रासला नव्या पक्षाची घोषणा झाली. तो काढणारे चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आंध्रातले शेतकऱ्यांचे पुढारी एन. जी. रंगा याच प्रश्नावर काँग्रेसमधून बाहेर पडले होते, ते अध्यक्ष झाले. मिनू मसानी सरचिटणीस. ऑगस्टच्या सुरुवातीला तयारीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि मुख्य कचेरीही मुंबईतच, फोर्टमध्ये, थाटली गेली. म्हणजे ज्या ठरावातून हा पक्ष जन्मला तो नागपूरचा आणि पक्षाचं बारसं मुंबईचं. जन्मखूण म्हणून बघायची तर हा पक्ष आपल्याच मातीतला म्हणायला हवा.

मसानींचा मराठी मुलखाशी त्याहून जुना एक धागा आहे. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते नाशिकच्या तुरुंगात होते, सोबत जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्याच बराकींमध्ये आकाराला आली आणि मसानी त्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. रशियात पुढे जे घडलं त्यानं त्यांचं मन फिरलं. समाजवाद आतून बघून त्याच्या विरुद्ध गेलेला माणूस या पक्षाचा सरचिटणीस झाला, म्हणून त्याच्या लिखाणात नुसती श्रीमंतांची कड दिसत नाही. त्यात एकदा पोळलेल्या माणसाची कळकळ आहे.

पक्षाच्या तत्त्वांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट शेतीचीही नाही आणि व्यापाराचीही नाही. मूलभूत तत्त्वांपलीकडच्या प्रत्येक प्रश्नावर सभासदानं आपल्या मताप्रमाणे बोलावं आणि मत द्यावं, पक्ष त्याला बांधणार नाही, असं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. भारतात असं लिहून देणारा दुसरा मोठा पक्ष मला सापडलेला नाही.

देशात पक्ष झपाट्यानं वाढला. १९६२ च्या पहिल्याच निवडणुकीत लोकसभेत १८ जागा, १९६७ ला ४४. त्या सभागृहात विरोधकांमध्ये सर्वांत मोठा पक्ष हाच. जयपूरहून महाराणी गायत्रीदेवी विक्रमी मताधिक्यानं आल्या. गुजरातेत वल्लभ विद्यानगर उभारणाऱ्या भाईकाकांच्या नेतृत्वाखाली १९६७ ला विधानसभेत ६६ जागा मिळाल्या. ओरिसात त्याच वर्षी पक्षाचे आर. एन. सिंहदेव मुख्यमंत्री झाले.

आणि महाराष्ट्रात? १९६२ ला विधानसभेत शून्य. १९६७ ला शून्य. १९७२ लाही शून्य.

या तीन शून्यांपाशी मी बराच रेंगाळलो. शेजारच्या गुजरातेत ६६ आणि इथे भोपळा, असं कसं? दोन्ही राज्यं १ मे १९६० पर्यंत एकाच राज्यात होती, कायदे बरेचसे तेच होते.

पहिलं कारण सरळ आहे. मुंबईचं अधिवेशन भरलं तेव्हा मराठी माणसाचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. मुंबई मिळते की नाही, याची ती वर्षं होती. हुतात्मा झालेल्यांचं रक्त वाळलं नव्हतं. गिरणगाव, डांगे, एस. एम., अत्रे यांच्या सभांनी शिवाजी पार्क भरून जात असताना फोर्टातल्या कचेरीतून इंग्रजीत मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलणारी मंडळी लोकांना परकीच वाटली असणार. त्या कचेरीत पारशी होते, गुजराती होते, निवृत्त सनदी अधिकारी होते. त्यांचं म्हणणं खरं असेलही, पण ते काटोलच्या बाजारात कोणी मराठीत सांगितलं? पक्षाची ही मोठी चूक होती, असं मला आज वाटतं. विचार वावराचा होता आणि भाषा दिवाणखान्याची.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते मला ऊस पिकवणाऱ्या एका मित्रामुळे कळलं. तो नगर जिल्ह्यातला. मी त्याला नागपूरच्या ठरावाचं सांगत होतो. तो म्हणाला, “अरे, पण आमच्याकडे सामुदायिक शेती आलीच कुठं? कारखाना सामुदायिक आला.” विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला होता. यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसनं तीच वाट रुंद केली. रान ज्याचं त्याचं, सातबारा ज्याचा त्याचा, ऊस ज्याचा त्याचा. सहकार सुरू व्हायचा तो कारखान्याच्या काट्यावर. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनापासून कुळं मालक होऊ लागली होती. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. ज्या माणसाची जमीन जाईल अशी भीती राजाजी घालत होते, त्याच माणसाला इथली काँग्रेस जमीन देत होती, वर सोसायटीचं कर्ज आणि संचालकपदाची खुर्चीही. नागपूरचा ठराव महाराष्ट्रानं नाकारला नाही, पण बांधाच्या आत तो येऊही दिला नाही.

म्हणजे पक्षानं ज्या संकटाची हाक दिली ते संकट इथे त्या रूपात आलंच नाही. शेतकऱ्यानं मग ताऱ्यावर शिक्का मारावा कशासाठी? शिवाय राजस्थान-ओरिसासारखे जनमानसावर पकड असलेले संस्थानिक पक्षाला इथे मिळाले नाहीत, आणि गुजरातेतल्या चरोतरच्या पाटीदारांसारखा एकगठ्ठा समाजही नाही. मराठा-कुणबी शेतकरी काँग्रेसमध्ये होता, तिथे रागावला तर शेतकरी कामगार पक्षात जाई. विदर्भात रिपब्लिकनांचं बळ होतं. उजवीकडच्या मतासाठी जनसंघ होता. ताऱ्याला बसायला फांदीच नव्हती.

नारायण दांडेकरांची गोष्ट यात मनाला लागते. आयसीएसमधून बाहेर पडलेला हा अभ्यासू माणूस. अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला की आकड्यांत पक्का. स्वतंत्र पक्षातर्फे ते लोकसभेत पोहोचले, पण कुठून? आधी उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून, नंतर गुजरातेतल्या जामनगरहून. खुद्द मसानीही गुजरातेतल्या राजकोटहून निवडून आले. पक्षाची कचेरी मुंबईत, पण निवडून यायला परमुलखात जावं लागे.

१९७१ ला इंदिरा गांधींच्या लाटेत पक्ष लोकसभेत ८ जागांवर आला. तोवर पक्षाचे अध्यक्ष झालेल्या मसानींनी ते पद सोडलं. १९७२ च्या नाताळच्या दिवशी राजाजी गेले.

आणि नेमकं त्याच साली इथे ते संकट आलं, वेगळ्या दारानं. १९७२ ला महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी योजनेलाच विकायचा, दुसऱ्या कोणालाही विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू इथेही चांगलाच होता. व्यापारी लुबाडतो, हमीचा भाव मिळावा, अशी शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांचीच मागणी होती. काही सालं ती चाललीही. पण वावर तुमचं, बियाणं तुमचं, कर्ज तुमचं, रात्रीचं ओलित तुमचं आणि बोंड फुटल्यावर कापूस कोणाला द्यायचा ते सांगणारा दुसरा, ही गोष्ट आबाजींना कधी पटली नाही.

आमच्या गावाहून पांढुर्णा दूर नाही आणि ते मध्य प्रदेशात. एका साली तिकडचा भाव बरा होता. आबाजींनी एका रात्री बंडी भरली. बाबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे, ते सोबत होते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, चाकाला वंगण जास्तीचं घातलं होतं. वाटेत एका नाक्यावर बंडी अडवली. बाबांना आठवतो तो कंदिलाचा उजेड आणि आबाजींचा आवाज. ते म्हणाले, “माझ्या घरचा कापूस हाये जी. चोरीचा नाही.” सकाळपर्यंत बंडी तिथेच उभी राहिली, मग परत फिरवावी लागली. आबाजी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बैलांना पाणी दाखवलं, घुंगरमाळा पुन्हा बांधल्या आणि वावरात निघून गेले.

आपल्याच पिकाची चोरटी वाहतूक. हा शब्दप्रयोग कायद्यात बसतो, पण शेतकऱ्याच्या घरात तो उच्चारून बघावा. ‘लायसन-परमिट-कोटा राज’ हे राजाजींचे शब्द मी पुस्तकात वाचले तेव्हा मला सचिवालय दिसलं नाही, तो कंदील दिसला.

ज्या घटकेला महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा पक्ष कळण्याजोगा झाला, त्या घटकेला तो संपत आला होता. ऑगस्ट १९७४ मध्ये पिलू मोदींच्या पुढाकारानं स्वतंत्र पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. लोकदलाचे नेते चरणसिंग, म्हणजे नागपूरच्या मांडवात एकटे उभे राहिलेले तेच. त्या अर्थी हे विलीनीकरण अगदीच अनाठायी नव्हतं. पण लोकदल पुढे जनता पक्षात गेला आणि त्या जनता पक्षाच्याच राजवटीत, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात नानी पालखीवाला ज्या हक्काच्या बळावर सर्वोच्च न्यायालयात लढले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये जिंकले, तोच हा हक्क. विलीन झालेल्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल?

महाराष्ट्र शाखा विलीन झाली नाही. एकही आमदार कधी निवडून न आलेली ही शाखा. बाकीच्यांकडे सोबत न्यायला आमदार-खासदार होते, मंत्रिपदाची आशा होती, यांच्याकडे यांतलं काही नव्हतं. त्यांनी सांगितलं, आम्ही आमच्या नावानिशी राहू. मूठभर माणसं, एखादी खोली, लेटरहेड आणि तत्त्वांची ती छापील यादी. एस. व्ही. राजू हे त्यांतले प्रमुख. पक्षाच्या मुख्य कचेरीत त्यांनी ऐन बहराच्या काळात कार्यकारी सचिव म्हणून काम केलं होतं. मसानींनी १९५२ मध्ये सुरू केलेलं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिकही पुढे त्यांनीच कितीतरी वर्षं सांभाळलं.

मग १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात २९-अ हे कलम आलं. पक्षाची नोंदणी हवी असेल तर पक्षाच्या घटनेत लिहून द्यायचं, की संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर आमची श्रद्धा व निष्ठा राहील. देशातल्या झाडून सगळ्या पक्षांनी हे लिहून दिलं. ज्यांचा समाजवादाशी सुतराम संबंध नाही त्यांनीही दिलं, कारण नोंदणी हवी होती आणि एका ओळीनं काय बिघडतं असं सर्वांना वाटलं.

राजू आणि त्यांच्या सोबत्यांना तसं वाटलं नाही. समाजवादाला विरोध करायलाच आमचा पक्ष निघाला, आता त्याच्यावर निष्ठा असल्याची शपथ आम्ही कशी घेऊ? धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर आमची निष्ठा आहे, ती आनंदानं लिहून देऊ. पण न मानलेल्या गोष्टीची खोटी शपथ घेणार नाही. १९९६ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रश्न सोपा होता: लोकशाहीत लोकांपुढे कोणता आर्थिक विचार ठेवायचा, हे कायद्यानं आधीच ठरवून कसं द्यावं? उद्या एखाद्या कायद्यानं उलट भांडवलशाहीची शपथ सक्तीची केली तर समाजवाद्यांनी काय करायचं? २०१५ मध्ये राजू वारले, तोवर त्या याचिकेचा निकाल लागलेला नव्हता. ती ओळ आजही कायद्यात आहे.

मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. सगळं त्यांचंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. भूमिहीनांबद्दल या पक्षाकडे नीट उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे मुळात मालमत्ताच नाही त्याला मालमत्तेच्या हक्काचं काय, हा प्रश्न आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातून कोणी विचारला असता तर फोर्टातले विद्वान अडखळले असते. पण एक ओळ लिहून दिली असती तर निवडणूक लढवता आली असती, आणि ती ओळ खोटी म्हणून त्यांनी लिहिली नाही. एवढं करणारी माणसं आपल्या राज्यात, आपल्या काळात होती.

वावरापर्यंत हा विचार मराठीत आणला तो शरद जोशींनी. १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’, मग विदर्भात कापसाची लढाई. त्यांचा सुरुवातीचा सूर भावाचा होता, पण हळूहळू बंदी उठवा, बाजार मोकळा करा, शेतकऱ्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या, इथवर ते आले. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला, नाव ‘स्वतंत्र भारत पक्ष’. त्या नावात राजाजींच्या पक्षाची आठवण होती. राज्यसभेत गेल्यावर २९-अ मधला समाजवादाचा उल्लेख काढावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं. आणि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातून वामनराव चटप या पक्षाचे आमदार म्हणून विधानसभेत गेले. १९६२, १९६७, १९७२ ची ती शून्यं आणि मग ही एक जागा, तीही कापसाच्या मुलखातून. आबाजी तोवर गेले होते.

बाबांना मी हे सगळं दोन रात्री बसून सांगितलं. कंदिलाची रात्र ते आजवर कोणाला फारसं सांगत नसत. यावेळी स्वतःहून सांगितली, बैलांच्या नावांसकट. मग कागद पुन्हा बांधायला घेतले. मालिक-मकबुजाचा कागद, जुने सातबारे, फेरफार. पावती मी सगळ्यांत खालच्या सातबाऱ्याखाली सरकवली.

“ते कायले ठेवतं त्याच्यात?” बाबांनी विचारलं.

म्हटलं, “वावराचाच कागद आहे.”

त्यांनी सुतळीची गाठ मारली.